एकच इंजिन, दोन लोगो : जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा : बजेट पन्नास लाखांच्या आसपास, महिन्यातून तीन-चार वेळा सांगली–पुणे, एरवी गावातलं फिरणं, घरात सत्तरी ओलांडलेल्या आई. एकीकडे स्कोडा कोडिअ‍ॅक. दुसरीकडे ऑडी क्यू३, मर्सिडीज जीएलए आणि बीएमडब्ल्यू एक्स१. ‘लक्झरी गाड्यांची इंजिनं खरंच वरच्या दर्जाची असतात, की आपण लोगोचे पैसे भरतो?’

मी पिंपरी-चिंचवडमध्ये सव्वीस वर्षं याच लाइनीत आहे. पहिली आठ वर्षं एका कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये काढली, नंतर स्वतःचं गॅरेज टाकलं. आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या चार गाड्यांपैकी दोघींत मूळ इंजिन एकच आहे, आणि ते ऑडीपेक्षा स्कोडात जास्त ताकदीचं आहे. तिसरीचं पेट्रोल इंजिन काही वर्षांपूर्वी रेनॉ डस्टरमध्ये मिळत होतं. चौथीच्या पेट्रोलला तीनच सिलिंडर आहेत. तरीही लक्झरीचे पैसे पाण्यात जातात असं मी म्हणणार नाही, कारण याच गाड्यांच्या डिझेलमध्ये जी इंजिनं आहेत ती आपल्याकडे साध्या ब्रँडच्या गाडीत मिळत नाहीत.

तुमच्या भागातल्या वडापपासून, म्हणजे शेअर जीपपासून, सुरुवात करतो. बजाज टेम्पोच्या (आताची फोर्स मोटर्स) ट्रॅक्समध्ये कोंबून बसून तुम्हीही कधी तरी गेला असाल. त्या ट्रॅक्सच्या बॉनेटखाली मर्सिडीजच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनाचा भारतीय अवतार होता. चार सिलिंडर, २.४ लिटर. हेच इंजिन जर्मनीत मर्सिडीज २४० डीमध्ये बसायचं आणि तिथले टॅक्सीवाले ती गाडी लाखो किलोमीटर पळवायचे. इंजिनाची जातकुळी तीच, पण ट्रॅक्समध्ये बसून मर्सिडीजमध्ये बसल्यासारखं कुणाला वाटलं नाही. डिझेलची ती खडखड थेट पायापर्यंत यायची. ते इंजिन कशात बसवलंय, कशावर टेकवलंय, त्याला गिअरबॉक्स कोणता जोडलाय, यानेच गाडी ठरते. ट्रॅक्सचं इंजिन खोलताना मी हे पहिल्यांदा शिकलो आणि आजवर ते खोटं ठरलेलं नाही.

आता तुमच्या यादीकडे येतो. जीएलए २००चं पेट्रोल इंजिन १३३२ सीसीचं आहे. रेनॉ-निस्सान आणि डाइमलर (मर्सिडीजची तेव्हाची मूळ कंपनी) यांनी ते मिळून विकसित केलं. भारतात मर्सिडीजच्या आधी ते डस्टरमध्ये आलं, ऑगस्ट २०२०मध्ये : १५६ पीएस (ही ताकद) आणि २५४ न्यूटन-मीटर टॉर्क (हा खेचण्याचा जोर), किंमत १०.४९ लाखांपासून. निस्सान किक्सला तर तेच त्याच्याही आधी, मे २०२०मध्ये मिळालं होतं. मार्च २०२१मध्ये तेच मर्सिडीजच्या ए-क्लास लिमोझिनमध्ये आलं : १६३ पीएस, २५० न्यूटन-मीटर, किंमत ३९.९० लाखांपासून. ताकद सात पीएसने जास्त आणि टॉर्क उलट चारने कमी. वरचं प्लास्टिकचं कव्हर उचललंत की दोन्हीकडे समोरून तिकोनी दिसणारं तेच हेड, आणि बोअरला, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीला, वेगळी लायनर न बसवता आत फवारलेला लोखंडी थर. हे फवारणीचं तंत्र निस्सानच्या जीटी-आर या स्पोर्ट्स कारकडून आलेलं आहे. म्हणजे या इंजिनात मर्सिडीजने रेनॉला उपकृत केलं असंही नाही आणि रेनॉने मर्सिडीजच्या गळ्यात स्वस्त माल मारला असंही नाही. इंजिन मुळातच चांगलं आहे, दोन्ही घरचं आहे.

मग फरक कुठे पडतो? पहिला गिअरबॉक्समध्ये. डस्टरला सहा गिअरचा मॅन्युअल किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) होता, ए-क्लासला सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा, झटकन गिअर बदलणारा ऑटोमॅटिक). कात्रजच्या चढावर ट्रकला ओव्हरटेक करताना सीव्हीटीत आधी आवाज चढतो, वेग मागून येतो. ड्युअल क्लच एक गिअर खाली उतरतो आणि गाडी निघते. गाडी बदलून पाहणारे म्हणतात, ‘मर्सिडीजचं इंजिन काय खेचतं!’ खेचत असतो तो गिअरबॉक्स.

दुसरा फरक फाउंडेशनचा. इंजिन ज्या रबरी टेकूंवर चेसिसला बसतं त्यांना आम्ही फाउंडेशन म्हणतो. माझ्या टेबलावर एक कापलेलं फाउंडेशन कायम ठेवलेलं असतं, गिऱ्हाइकांना दाखवायला. स्वस्त गाडीचं फाउंडेशन म्हणजे धातूच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटवलेला रबराचा गोळा. महागड्या गाडीच्या फाउंडेशनमध्ये त्या रबराखाली दोन छोटे कप्पे असतात, त्यांत द्रव भरलेला असतो आणि मधून एक अरुंद वाट काढलेली असते. इंजिन थरथरलं की द्रव एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला बघतो, त्या अरुंद वाटेत अडतो आणि थरथर तिथेच जिरते. किंमत चौपट-पाचपट. फुटलं की खाली ओल दिसते आणि सिग्नलला स्टिअरिंग थरथरायला लागतं. ‘स्मूथ इंजिन’ म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यातला मोठा वाटा या मुठीएवढ्या वस्तूचा आणि डॅशबोर्डमागच्या पत्र्यावर चिकटवलेल्या जाड थरांचा असतो. हे खरं काम आहे, खर्चाचं काम आहे, आणि त्याचे पैसे मोजायला माझी हरकत नाही. मात्र ते इंजिनाचे पैसे नव्हेत.

कोडिअ‍ॅक आणि क्यू३ या तर एकाच घरातल्या बहिणी. दोघींत फोक्सवॅगन समूहाचं २.० लिटर टर्बो पेट्रोल, ज्याला आमच्या लाइनीत ईए८८८ म्हणतात. दोघींची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा कारखान्यात होते, टॉर्क दोघींचा ३२० न्यूटन-मीटर, आणि दोघींच्या चारही चाकांना ताकद जाते. क्यू३मध्ये ते १९० पीएस देतं. २०२५च्या कोडिअ‍ॅकमध्ये त्याची पुढची आवृत्ती आहे आणि ती २०४ पीएस देते. सुपर्ब, ऑक्टेव्हिया, टिग्वान, ऑडी ए४ यांतही याच कुटुंबातलं इंजिन बसलेलं आहे. सुटे भाग मागवताना हे सगळ्यात स्पष्ट कळतं. ऑइल फिल्टरचा नंबर ‘०६ एल’ने सुरू होतो आणि तोच स्कोडाला, तोच ऑडीला चालतो, बदलतो तो खोक्यावरचा लोगो आणि काउंटरवरचा भाव. या इंजिनाचं मला मनापासून कौतुक आहे, कारण त्यात दोन बॅलन्स शाफ्ट दिलेले आहेत.

त्याचं महत्त्व नीट सांगायला हवं, कारण सिलिंडरच्या संख्येचा प्रश्न इथेच सुटतो. चार सिलिंडरचं सरळ इंजिन घेतलं तर दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. वरवर हिशेब बरोबर दिसतो. पण कनेक्टिंग रॉड (पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशी, जोडणारी दांडी) तिरकी होत असल्यामुळे वरच्या अर्ध्यातली पिस्टनची हालचाल आणि खालच्या अर्ध्यातली हालचाल तंतोतंत सारखी नसते. उरलेला फरक क्रँकच्या एका फेरीत दोनदा इंजिनाला वर-खाली हलवतो. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला १०० झटके. हीच ती गुणगुण, जी दोन तास हायवेवर गाडी चालवल्यावर डोक्यात बसते. बॅलन्स शाफ्ट हे वजन लावलेले दोन दांडे क्रँकच्या दुप्पट वेगाने एकमेकांच्या उलट दिशेने फिरून हे झटके जिरवतात. तीन सिलिंडरमध्ये आजार वेगळा : इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डोलतं, म्हणून टाटा नेक्सॉन पेट्रोलसारख्या गाडीत आयडलिंगला ती ओळखीची थरथर जाणवते. सहा सिलिंडर एका ओळीत असले तर हे दोन्ही झटके आपसांत पूर्ण मिटतात, काही जोडावं लागत नाही. बीएमडब्ल्यूने सरळ सहाचा हट्ट इतकी वर्षं सोडला नाही आणि मर्सिडीज व्ही-सिक्सकडून (व्ही आकारात दोन ओळींत बसवलेले सहा) पुन्हा सरळ सहाकडे वळली, त्यामागे हे मोठं कारण आहे. बीएमडब्ल्यू एम३४०आयचं तीन लिटरचं इंजिन सुरू करून बॉनेटवर हात ठेवा, मग पुढचं वाचायची गरज राहणार नाही. टोयोटासारख्या कंपनीलाही नवी सुप्रा काढताना हे इंजिन बीएमडब्ल्यूकडून घ्यावंसं वाटलं.

पण पन्नास लाखांत तुम्हाला हे सहा सिलिंडर मिळणार नाहीत. मिळेल ती एक्स१, जिच्या पेट्रोल आवृत्तीत १४९९ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, १३६ पीएस. चाकणला बनणाऱ्या स्कोडा कुशाकचं १.५ लिटर इंजिन १५० पीएस देतं आणि त्याला सिलिंडरही चार आहेत. बीएमडब्ल्यूने आपल्या तीन सिलिंडरलाही बॅलन्स शाफ्ट दिलाय, काम सुबक आहे, मिनीतही तेच चालतं. तरी शांत हायवे-प्रवासासाठी बीएमडब्ल्यू घ्यायला निघालेल्या माणसाला मी हे पेट्रोल सुचवणार नाही.

आता डिझेल. इथे मी लक्झरीच्या बाजूने उभा आहे. मर्सिडीजचं ओएम ६५४ हे दोन लिटरचं डिझेल २०१६मध्ये ई-क्लासमधून आलं आणि त्याचीच आडवी बसवलेली आवृत्ती जीएलए २२० डीमध्ये आहे : १९० पीएस, ४०० न्यूटन-मीटर. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि पिस्टन पोलादाचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही उलटं वाटलं, कारण पिस्टन हलका हवा म्हणून तो अ‍ॅल्युमिनियमचा करतात, असंच आम्ही शिकलो होतो. पण गरम झाल्यावर पोलाद अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कमी फुगतं. त्यामुळे इंजिन तापल्यावर पिस्टन आणि बोअर यांच्यातली जागा किंचित वाढते आणि घर्षण कमी होतं. शिवाय पोलाद जास्त दाब सोसतं, म्हणून पिस्टन ठेंगणा करता येतो. आधीच्या २.१ लिटर डिझेलपेक्षा हे इंजिन सुमारे ३५ किलो हलकं आहे. एक्स१चं १८ डी (१५० पीएस, ३६० न्यूटन-मीटर) हेही याच तोलाचं. असं दोन लिटरचं डिझेल स्कोडा-फोक्सवॅगन आता भारतात विकतच नाहीत. एप्रिल २०२०मध्ये बीएस६ (धुराचे कडक नियम) आलं तेव्हा त्यांनी डिझेल बंद केलं. मारुतीनेही केलं.

साध्या ब्रँडमध्ये या मापाचं डिझेल उरलंय ते मुख्यतः रांजणगावला बनणारं १९५६ सीसीचं, मूळ फियाटचं मल्टिजेट. जीप कंपास, टाटा हॅरियर आणि सफारी : सगळ्यांना हेच, १७० पीएस आणि ३५० न्यूटन-मीटर. एमजी हेक्टरलाही हेच मिळालं. भक्कम आहे, पण आवाज लपवत नाही. कंपासमध्ये नऊ गिअरच्या ऑटोमॅटिकसोबत ते एक बोलतं, हॅरियरमध्ये सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसोबत दुसरंच. त्याचा धाकटा भाऊ, १२४८ सीसीचा, तर स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टा आणि पुंटोपर्यंत जवळजवळ अर्ध्या भारताने चालवला. तेव्हा इंजिन वाटून घेण्याची प्रथा लक्झरी ब्रँडनी लावलेली नाही, ती बाजाराचीच रीत आहे.

आपल्याकडे साध्या ब्रँडची इंजिनं अशी का आहेत, याचं निम्मं उत्तर कराच्या तक्त्यात आहे. मारुती आणि ह्युंदाईची पेट्रोल इंजिनं ११९७ सीसी, टाटाचं ११९९. किआ सॉनेटचं डिझेल १४९३, नेक्सॉनचं १४९७. कारण पेट्रोलला १२०० आणि डिझेलला १५०० सीसीच्या आत आणि चार मीटर लांबीच्या आत बसलात तरच कमी कर. २२ सप्टेंबर २०२५पासून त्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांना ४० टक्के. इंजिनिअरला सिलिंडर किती मोठा हवाय हे त्याने ठरवायच्या आधी सरकारने ठरवलेलं असतं. दिल्लीत डिसेंबर २०१५मध्ये २००० सीसीवरच्या नव्या डिझेल गाड्यांची नोंदणी सर्वोच्च न्यायालयाने थांबवली, तेव्हा महिंद्राने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही५००साठी १.९९ लिटरचं इंजिन काढलं. लक्झरी गाडी तशीही वरच्या टप्प्यात असते, म्हणून तिच्या इंजिनिअरला निदान भारताच्या या अटींत अंग चोरावं लागत नाही.

एका जोडीचा उल्लेख राहिला, तुमच्या यादीत नसली तरी. टोयोटा कॅमरी आणि लेक्सस ईएस ३००एच. दोघींत २४८७ सीसीचं तेच हायब्रिड इंजिन, दोघींची जुळणी बेंगळुरूजवळच्या बिडदीला, आणि २०२४मध्ये नवी कॅमरी येईपर्यंत ताकदही हुबेहूब २१८ पीएस. ईएसचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) ४५ मिलिमीटरने जास्त, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना तेवढी मोकळीक, आणि आत शांतता जास्त. यांत पट्ट्याचा सीव्हीटी नाही, क्लच नाही; ग्रहमालेसारख्या फिरणाऱ्या गिअरचा एक संच इंजिन आणि मोटरची ताकद वाटून देतो. झिजायला त्यात फार काही नाही. विश्वासार्हता हीच ज्यांची लक्झरीची व्याख्या आहे त्यांना मी डोळे मिटून ही जोडी सांगतो, आणि दोघींतली कॅमरी घ्यायला सांगतो.

आता खर्चाचं. मर्सिडीजने २०२४मध्ये भारतात साडेएकोणीस हजारांच्या वर गाड्या विकल्या आणि त्या वर्षी ती लक्झरीत पहिली होती. वॅगनआर तेवढी महिना-सव्वा महिन्यात विकली जाते. भाग मिळणं, मेकॅनिक सापडणं, जुन्या गाडीला गिऱ्हाईक येणं, सगळं या आकड्यात आलं. दोन वर्षांपूर्वी एक जण जुन्या बाजारातून सात वर्षांची जर्मन सेडान घेऊन आले, नव्या हॅचबॅकच्या किमतीत मिळाली म्हणून खूश होते. पंधरवड्यात खंबाटकीत गाडी तापली. कूलंटच्या लाइनीतला बोटभर लांबीचा प्लास्टिकचा एल्बो तडकला होता. भाग स्वस्त, पण तिथे हात पोचायला अख्खं मॅनिफोल्ड उतरवावं लागलं, आणि भाग यायला अकरा दिवस लागले. तापलेल्या अवस्थेत ते आणखी सहा किलोमीटर चालवत आले होते, त्यामुळे हेड उतरवून प्लेन (घासून सपाट) करून घ्यावं लागलं. बिल पाहून त्यांनी खुर्चीत बसून पाणी मागितलं, तो चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणून सांगतो : अशा गाडीत तापमानाचा लाल दिवा लागला की तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. आणि ऑइल फक्त कंपनीची मंजुरी छापलेलंच. मर्सिडीजला २२९ने सुरू होणारा नंबर असतो, फोक्सवॅगन समूहाला ५००च्या घरातला, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ. ‘सिंथेटिक आहे, चालतंय’ म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

तुमच्यापुरतं बोलायचं तर पेट्रोलच हवं असेल तर क्यू३ सोडा आणि कोडिअ‍ॅक घ्या. तेच इंजिन, ताकद जास्त, सात सीट, आणि सांगली-कोल्हापूर पट्ट्यात स्कोडाचं काम जाणणारे हात तुलनेने लवकर सापडतात. डिझेल चालणार असेल तर तुमच्या फेऱ्यांना जीएलए २२० डी किंवा एक्स१ १८ डी यांच्यासारखं दुसरं काही नाही. दर आठवड्याला सव्वादोनशे किलोमीटरचा सलग हायवे मिळतोय, त्यामुळे सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर आपोआप जळून साफ होत राहील. हीच गाडी फक्त सांगली-मिरज फिरणार असती तर मी डिझेलला नाही म्हटलं असतं, तो फिल्टर चोंदून वर्षभरात डोकेदुखी झाली असती. दोघींपैकी बजेटमध्ये एक्स१ सोपी जाईल. जीएलए आतून अरुंद आहे, मागच्या सीटवर बसून बघितल्याशिवाय ठरवू नका.

टेस्ट ड्राइव्हला सकाळी पहिल्या नंबरला जा आणि इंजिन आधी गरम करून ठेवू नका असं शोरूमला फोनवरच सांगून ठेवा. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करा, काचा खाली, एसी बंद. डिझेल पहिल्या अर्ध्या मिनिटात कसं बोलतं ते ऐका. मग काचा वर, एसी चालू, गाडी ‘डी’मध्ये, पाय ब्रेकवर, आणि तळहात आधी स्टिअरिंगवर, मग मागच्या सीटच्या आर्मरेस्टवर ठेवून बघा. आईंना बरोबर न्या. त्यांना मागे बसवा, आणि दार उघडल्यावर त्या हात न धरता उतरू शकतात का तेवढं पाहा. या चारही गाड्यांत सीटची उंची सारखी नाही, आणि पुण्यापर्यंतच्या प्रवासात त्यांना चार वेळा तरी उतरावं लागेल.